मंत्रचळावरची ईआरपी: शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी

नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यांवर तीच ती कृती करत राहणं, या आजाराला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. रुग्ण आणि घरचे मात्र 'ओसीडी' म्हणतात, नाहीतर 'संशय जात नाही', 'शिवाशिव फार वाढलीय', 'डोक्यात नको ते विचार येतात' असं सांगतात. त्यावरच्या सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलणाऱ्या मानसोपचाराचा) गाभा म्हणजे ईआरपी, 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन': ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं (हे एक्स्पोजर) आणि त्यानंतरची धुण्याची, तपासण्याची, जपाची किंवा विचारण्याची कृती करायची नाही. सांगायला एवढंच आहे, पण प्रत्यक्ष करताना समोरचं माणूस घाबरलेलं असतं आणि त्याला धीर न देता त्याच्याजवळ बसायचं असतं. मानसोपचार शिकलेल्या माणसाला धीर द्यायची इतकी सवय असते की तो देतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रशिक्षणातला बराचसा वेळ ही सवय मोडण्यात जातो, आणि जायलाच हवा.

हा लेख नुकतेच रुग्ण पाहू लागलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोविकारतज्ज्ञांसाठी आहे. अशांचा छोटा गट चालवणाऱ्या ज्येष्ठांनाही तो उपयोगी पडेल.

वेळेचा हिशेब

तीन दिवसांच्या कार्यशाळेने ईआरपी येत नाही. कार्यशाळा हवीच, पण तिच्यानंतर निदान सहा महिने दर आठवड्याला दीड तासाचं सुपरव्हिजन, म्हणजे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली आपल्या केसवर चर्चा, हवं. त्या काळात प्रत्येकाच्या हातून निदान दोन केस पहिल्या मुलाखतीपासून शेवटच्या सेशनपर्यंत पूर्ण व्हाव्यात. एक केस धुण्याची किंवा तपासण्याची घ्यावी, जिच्यातल्या कृती डोळ्यांना दिसतात. दुसरी मनातल्या मनात चालणाऱ्या कृतींची असावी. पहिल्या प्रकारावर हात बसला म्हणून दुसरा आपोआप जमत नाही. गट चार ते सहा जणांचा ठेवा. त्याहून मोठा झाला की एकेकाचं रेकॉर्डिंग ऐकायची पाळी फार उशिरा येते.

आधी चक्र समजू द्या

पहिल्या दिवशी व्याख्यानाआधी चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. प्रत्येकाने नाव न घालता, आपल्या मनात कधी तरी येऊन गेलेला एक विचित्र, नकोसा विचार लिहायचा: फलाटावर उभं असताना शेजारच्याला ढकलावं, आरतीच्या वेळी मनात शिवी यावी, सुरी हातात असताना ती भलतीकडे जावी. त्यात रुग्णांनी सांगितलेले तसेच विचार, ओळख पटणार नाही असे, मिसळा आणि कोणता कोणाचा ते ओळखायला सांगा. सहसा ओळखता येत नाही. स्टॅन्ली राखमन आणि पद्मल डि सिल्वा यांनी १९७८ मध्ये हेच अभ्यासून दाखवलं होतं: आजार नसलेल्या बहुसंख्य लोकांनाही असे विचार येतात आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांसारखाच असतो.

फरक पडतो तो विचाराला दिलेल्या अर्थात आणि त्यानंतरच्या कृतीत. 'असा विचार आला म्हणजे मी तसाच आहे', 'मी तपासलं नाही आणि काही झालं तर दोष माझा' असा अर्थ लागला की भीती चढते. कृती केली की ती उतरते, आणि ते उतरणंच कृतीला घट्ट करतं. पुढच्या वेळी भीती लवकर येते, कृती लांबते. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला हे चक्र कोऱ्या कागदावर, समोर बसलेल्या रुग्णाच्या शब्दांत, पाच मिनिटांत काढता आलं पाहिजे. पाठ्यपुस्तकातली आकृती काढून दाखवली तर ती परत काढायला लावा.

कृती रोखता येते आणि तिच्याशिवायही भीती ओसरते, हे व्हिक्टर मेयर यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात दोन रुग्णांवर दाखवलं आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धत बांधून काढली. त्यांच्या २००५ च्या चाचणीचे आकडे शिकणाऱ्याने लक्षात ठेवावेत. तीन आठवड्यांत दोन-दोन तासांची १५ एक्स्पोजर सेशन्स होती, त्यानंतर आठ आठवडे पाठपुरावा होता. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांना स्पष्ट फायदा झाला. सुरुवात केलेले सगळे धरले तर ६२ टक्क्यांना. नुसत्या क्लोमिप्रामिन या औषधावर हेच आकडे ४८ आणि ४२ होते, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) १० आणि ८. ८६ आणि ६२ यांच्यातलं अंतर म्हणजे मधेच सोडून गेलेली माणसं. त्यांना टिकवणं हेही थेरपिस्टचं काम आहे आणि त्याची सुरुवात उपचार समजावून सांगण्यापासून होते.

मुलाखत: दीड-दीड तासाची दोन सेशन्स

वाय-बॉक्स (ओसीडीची तीव्रता मोजायची प्रश्नावली) शिकायला सोपं वाटतं. दहा प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४०. ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. चुका होतात त्या चौथ्या आणि नवव्या प्रश्नात. तिथे 'किती प्रतिकार करता' हे विचारायचं असतं, 'किती यश येतं' हे नाही. यशाचा प्रश्न त्याच्यापुढचा. दोन्ही एकच समजले गेले की गुण फुगतात. उपाय सोपा आहे: एकच रेकॉर्ड केलेली मुलाखत सगळ्यांनी स्वतंत्रपणे गुणांकित करायची आणि दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक आला तर प्रश्न-प्रश्न घेऊन बोलायचं. चार-पाच मुलाखतींत गट एका पातळीवर येतो.

आकड्यांपेक्षा तपशील गोळा करणं जास्त महत्त्वाचं. 'हात खूप धुतो' ही नोंद उपयोगाची नाही. दिवसातून किती वेळा, एका वेळी किती मिनिटं, कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, साबणाची वडी किती दिवसांत संपते, नळाचं पाणी जाण्याच्या वेळेआधी काय धावपळ होते, कशाला हात लावला तर आंघोळ पुन्हा करावी लागते, आणि घरातल्या इतर कोणाला धुवायला लावलं जातं? तपासणाऱ्याला विचारा: गॅसचं बटण किती वेळा बघता, त्याचा मोबाईलवर फोटो काढता का, कुलूप ओढून बघायला कितव्या मजल्यावरून परत वर येता? फोटो काढणारे रुग्ण बरेच असतात आणि आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त निसटतात त्या मनातल्या कृती. 'मला फक्त विचार येतात, मी काही करत नाही' असं रुग्ण म्हणाला की पुढचा प्रश्न ठरलेला असावा: 'विचार आला की मनातल्या मनात तुम्ही काय करता?' मग कळतं की वाईट विचारावर चांगला विचार ठेवला जातो, ठराविक आकड्यापर्यंत मोजलं जातं, घडलेला प्रसंग डोक्यात पुन्हा पुन्हा चालवून बघितला जातो, नामजप होतो. ज्याने भीती वाढते तो विचार आणि जी ती कमी करण्यासाठी होते ती कृती, ही कसोटी नव्याने शिकणाऱ्याने प्रत्येक लक्षणाला लावून बघावी. ती न लावता आखलेल्या उपचारात थेरपिस्ट कृतीलाच विचार समजून तिचं एक्स्पोजर देऊन बसतो आणि रुग्ण आणखी बिघडतो.

एक भाग इथे घाई न करता शिकवायला हवा. बाळाला इजा करण्याचे विचार येतात असं नवी आई सांगते तेव्हा शिकाऊ थेरपिस्ट हबकतो आणि बाळाला तिच्यापासून दूर ठेवा असा सल्ला घरच्यांना देतो. ओसीडीमध्ये ते विचार तिला किळसवाणे वाटतात, ती त्यांना घाबरते, सुऱ्या लपवून ठेवते, बाळाला आंघोळ घालायचं टाळते. अशा आईला बाळापासून तोडणं म्हणजे तिच्या भीतीवर तज्ज्ञाची सही करणं. पण प्रसूतीनंतरचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा आजार) वेगळा असतो: झोप जवळजवळ नाही, गोंधळ, भास, बाळाबद्दल पक्के चमत्कारिक समज, आणि त्या विचारांची घृणा नसणं. हा त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्याचा आणीबाणीचा प्रसंग आहे. दोन्हींची रेकॉर्डिंग्ज किंवा रोल-प्ले शेजारी शेजारी ठेवून शिकवा. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार प्रत्येक रुग्णाला थेट विचारायचेच.

समजावून सांगणं

रुग्णाला पटलं नाही तर पुढचं काही होत नाही. मराठी घरात पटकन समजणारं एक उदाहरण हप्त्याचं आहे. गल्लीतल्या गुंडाला हप्ता दिला की तो आज जातो, पुढच्या वेळी दर वाढवून येतो. हात धुणं हा हप्ता आहे. विचार दाबायच्या प्रयत्नांबद्दल बोलताना वैद्याची गोष्ट पुरेशी असते: औषध घेताना माकड आठवायचं नाही म्हटलं की घोटागणिक माकडच आठवतं.

मग स्पष्ट सांगा: भीती वाढेल. फसवून, अचानक, जबरदस्तीने काही होणार नाही. प्रत्येक पायरी आधी ठरवली जाईल आणि थेरपिस्ट ती आधी स्वतः करून दाखवेल. रुग्णाने हे ऐकून स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं की संमती मिळाली असं धरा. नुसती मान डोलावली तर अजून मिळालेली नाही.

औषधांबद्दलही इथेच बोलावं. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधांची ओसीडीत नैराश्यापेक्षा जास्त मात्रा लागते आणि परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. ती ईआरपीच्या आड येत नाहीत. एक्स्पोजरच्या अर्धा तास आधी घेतलेली शामक गोळी मात्र आड येते, कारण 'गोळीमुळे निभावलं' हाच धडा रुग्ण शिकतो. अशी गोळी चालू असेल तर औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोला. रुग्णाला परस्पर गोळी बंद करायला सांगू नका.

पायऱ्यांची यादी

१० ते २० प्रसंग लिहून प्रत्येकाला ० ते १०० असा त्रासाचा आकडा द्यायचा. बाहेरच्या घाणीची भीती असलेल्या एखाद्या गृहिणीची यादी अशी दिसू शकते: दाराच्या कडीला हात लावून न धुणं २५, बाजाराची पिशवी ओट्यावर ठेवणं ४०, एसटीतला दांडा धरून त्याच हाताने मोबाईल वापरणं ५०, बाहेरच्या कपड्यांनी पलंगावर बसणं ६५, त्याच कपड्यांत स्वयंपाक करून घरच्यांना वाढणं ८०, सार्वजनिक शौचालयाच्या दाराला हात लावून तो हात उशीवर फिरवणं ९०.

यादीत दोन प्रकारच्या चुका होतात. एक म्हणजे ४० ते ७० या मधल्या भागात पायऱ्याच नसतात, मग रुग्ण तिथे अडतो. दुसरी चूक जास्त गंभीर आहे: थेरपिस्टला स्वतःला जे किळसवाणं वाटतं ते यादीतून गुपचूप गळतं. सगळ्यात वरची पायरी झालीच पाहिजे. ती सोडली तर आजाराला परतायला वाट मोकळी राहते. मर्यादा इतकीच की कुठलंही एक्स्पोजर सर्वसामान्य माणूस रोजच्या जगण्यात जेवढा धोका पत्करतो त्याच्या फार पलीकडे जाऊ नये. वापरलेल्या सुया, रक्त, नाल्याचं पाणी हे यादीत नको.

म्हणून रुग्णाकडे जाण्याआधी गटातल्या प्रत्येकाने स्वतः निदान तीन एक्स्पोजर करावेत. फ्लशचं बटण दाबून त्याच हाताने बिस्किट खाणं. आपल्या प्रिय माणसाचं नाव घालून 'त्याला आज अपघात होवो' असं कागदावर लिहून तो कागद दिवसभर खिशात ठेवणं. घराबाहेर पडताना कुलूप एकदाच लावून, न ओढता, वळून न बघता निघून जाणं. जो दुसऱ्या व्यायामाला नकार देतो त्याला जबरदस्ती करू नका, पण नकाराच्या क्षणी मनात काय चाललं होतं ते त्याच्याकडून सविस्तर काढून घ्या. रुग्णाला काय वाटतं हे समजावून सांगायला याहून चांगलं साधन नाही.

प्रत्यक्ष एक्स्पोजरचं सेशन

९० मिनिटं. पहिली दहा-पंधरा गृहपाठ बघण्यात, तासभर एक्स्पोजर, उरलेली बोलणं आणि पुढचा गृहपाठ यांत. एक्स्पोजर सुरू करण्याआधी रुग्णाचं भाकीत लिहून घ्या: 'काय होईल असं वाटतं? किती खात्री आहे? न धुता किती वेळ काढता येईल?' संपल्यावर त्याच कागदाखाली काय झालं ते त्याच्याच हाताने लिहायचं. फोआ आणि कोझाक यांच्या १९८६ च्या मांडणीत भीती उतरण्याला मोठं महत्त्व होतं. मिशेल क्रास्क यांनी नंतर भाकीत खोटं ठरण्यावर आणि नवी शिकवण जुनीवर मात करण्यावर भर दिला. नव्याने शिकणाऱ्याने भाकिताची वही ठेवावी असं आम्ही सुचवतो. भीतीचा आकडा दर पाच-दहा मिनिटांनी विचारा, पण तो उतरला तरच सेशन यशस्वी असं रुग्णाला वाटू देऊ नका. मग तो आकडा उतरवण्याच्या मागे लागतो आणि तीच एक नवी कृती होते. भीती शिगेला असताना 'आज पुरे' म्हणून घरी पाठवणं मात्र टाळा. वेळ संपत असेल तर हात न धुता घरी जाणं आणि पुढचे दोन तास काय करायचं हे ठरवून पाठवा.

कृती रोखण्याचे नियम लेखी असावेत. दिवसातून एकच आंघोळ, दहा मिनिटांची. हात फक्त शौचानंतर आणि जेवणाआधी, अर्ध्या मिनिटात. नियम मोडला गेला, हात धुतले गेले, तर पश्चात्ताप करत बसायचं नाही. लगेच पुन्हा त्या 'घाण' वस्तूला हात लावायचा, म्हणजे धुण्याचा फायदा आजाराला मिळत नाही. ही युक्ती पहिल्याच आठवड्यात शिकवा.

तपासण्याच्या प्रकारात एक खाच आहे. थेरपिस्ट शेजारी उभा असताना रुग्ण गॅस न तपासता बाहेर पडतो आणि भीती फारशी वाढत नाही. वाढत नाही कारण जबाबदारी थेरपिस्टच्या गळ्यात गेलेली असते: 'काही असतं तर डॉक्टरांनी सांगितलं असतं.' म्हणून दुसऱ्याच वेळी ते त्याने एकट्याने करावं, आणि तुम्हाला मेसेज करून 'मी बंद केला होता' हेही सांगू नये.

जे प्रत्यक्ष घडवता येत नाही, तिथे मनात प्रसंग उभा करायचा. रुग्ण स्वतः, प्रथम पुरुषात ('मी' वापरून), वर्तमानकाळात, एक-दोन पानं लिहितो आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून रोज ३० ते ४५ मिनिटं ऐकतो. शेवट मोकळा ठेवायचा: 'हे खरं होईल की नाही मला कळणार नाही.' भाषा रुग्णाची घरची हवी. वऱ्हाडी बोलणाऱ्याने वऱ्हाडीत, मालवणी बोलणाऱ्याने मालवणीत लिहावं. शिकलेले रुग्ण नकळत इंग्रजीत किंवा छापील मराठीत शिरतात, कारण परक्या शब्दांत लिहिलेलं कमी बोचतं. 'ते वाईट विचार' असं लिहिलं असेल तर कोणते ते शब्दशः लिहायला सांगा, आणि सांगताना तुमचा आवाज बदलू देऊ नका.

'नक्की ना?'

हा रोल-प्ले दर आठवड्याला घ्यावा. सुपरव्हायझर रुग्ण होतो आणि दहा मिनिटं एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारतो. शिकणाऱ्याने कोरडं न होता आणि धीर न देता बोलत राहायचं.

'मॅडम, यातून मला काही होणार नाही ना?'
'आपण न धुता बसायचं ठरवलंय. आत्ता किती आहे?'
'ऐंशी. पण तुम्ही पण हात लावलात, म्हणजे धोका नसणारच.'
'हे ऐकून आकडा खाली आला का?'
'थोडा आला.'
'मग तो हप्ता झाला. काय होईल ते मलाही सांगता येणार नाही. आपण दोघंही तसेच बसू. हात गालाला लावूया?'

यानंतर शिकणाऱ्याने खऱ्या सेशनचं रेकॉर्डिंग, रुग्णाच्या लेखी परवानगीने केलेलं, घरी ऐकावं आणि कोणत्याही वीस मिनिटांत स्वतः किती वेळा धीर दिला ते मोजावं. 'काही होत नाही', 'छान चाललंय, घाबरू नका', 'मी आहे ना', सूचक हसणं, सगळं मोजायचं. पहिल्या मोजणीत आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो. महिन्याभरात तो खाली यायला हवा. सुपरव्हिजनला आणायचा तुकडा दहा मिनिटांचा असावा आणि जिथे आपण गडबडलो तोच निवडावा. चांगला जमलेला तुकडा ऐकून गटाला फारसं काही मिळत नाही.

महाराष्ट्रात एक अडचण खास आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत किशोर फडके यांच्या कामामुळे इथे चांगली रुजली आणि अनेकांचं मूळ प्रशिक्षण तिच्यातलं आहे. अविवेकी समजुतीला प्रश्न विचारून हलवायचं, हे नैराश्यात आणि रागात उत्तम चालतं. ओसीडीत 'दाराच्या कडीने कॅन्सर होण्याची शक्यता किती?' असा वाद सुरू केला की रुग्ण हरखून उत्तरं गोळा करतो आणि घरी जाऊन रात्रभर त्यांचीच मनात उजळणी करतो. तुमचा युक्तिवाद त्याची नवी कृती झालेला असतो. जबाबदारीच्या अतिरेकी जाणिवेवर बोलावं, तिची मांडणी पॉल साल्कोव्स्कीस यांनी १९८५ मध्ये केली आहे. पण ते बोलणं एक्स्पोजरच्या आधी किंवा नंतर, थोडक्यात, आणि 'खरं काय' या प्रश्नाचा निकाल न लावता. एक्स्पोजर चालू असताना वाद, दीर्घ श्वसन, गप्पा मारून लक्ष दुसरीकडे वळवणं, हे सगळं बाजूला ठेवा. विचार आला की मनगटावरचं रबर ओढून 'थांब' म्हणायची युक्ती अजूनही काही ठिकाणी शिकवतात. ती सोडून द्या, तिने विचार दाबायचीच सवय लागते.

सोवळं, सुतक आणि देव

श्रद्धेवर हल्ला करू नये आणि श्रद्धेच्या नावाखाली लपलेल्या कृतीला सोडूही नये. यासाठी एक प्रश्न कामाचा आहे: 'तुमच्या घरात सोवळं पाळणारं, पण हा त्रास नसलेलं कोण आहे? त्यांना पूजेला किती वेळ लागतो?' आजी अर्ध्या तासात पूजा उरकते आणि नातवाला अडीच तास लागतात, कारण उच्चार चुकला की पहिल्यापासून. आपलं लक्ष्य मधले दोन तास. देवाबद्दल घाण शब्द मनात येणाऱ्या माणसाने ते शब्द येऊ देत, क्षमा न मागता, आरती पूर्ण करायची. परंपरेत मुळातच निषिद्ध असलेली गोष्ट करायला लावायची गरज नसते. रुग्णाचा विश्वास असलेले गुरुजी, मौलवी किंवा धर्मगुरू यांच्याशी एकदा बोलणं उपयोगी पडतं. एकदाच. पुन्हा पुन्हा विचारायला गेलं की तेही 'नक्की ना?' होतं.

घरचे

जवळजवळ प्रत्येक घर आजाराला हातभार लावत असतं: नवरा ऑफिसातून आला की दारातच कपडे बदलतो, सासू भाजी तीनदा धुते, मुलगा दिवसातून चाळीस वेळा 'हो, बंद केलाय' म्हणतो. ते प्रेमापोटी किंवा भांडण टाळण्यासाठी होतं, तेव्हा दोष देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला एका निर्णायक माणसाला बोलवा आणि रुग्णासमोर एक वाक्य ठरवा: 'हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.' बदल एकेक करा, आधी ठरवून. रुग्णाला न सांगता घरच्यांनी सगळं एकदम बंद केलं की घरात रणधुमाळी होते आणि रुग्ण उपचार सोडतो. घरच्यांपैकी कोणी 'ईआरपी' म्हणून ओरडायला, हात धरायला लागलं तर तेही त्याच दिवशी थांबवा.

लहान गावात किंवा सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ९० मिनिटं मिळत नाहीत. तिथे आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं आणि मधे दहा मिनिटांचे फोन हा मार्ग चालतो. व्हिडिओ कॉलचा एक मोठा फायदा आहे: मोबाईल बाथरूममध्ये, ओट्यावर, देव्हाऱ्यापाशी नेता येतो, जिथे आजार खरा राहतो.

हलत नसेल तर

गृहपाठ रोज तासाभराचा हवा. तो होत नसेल तर आधी तो लहान करा आणि सेशनमध्येच एकदा करून मग घरी द्या. वाय-बॉक्स दर चार सेशनला भरा. सुरुवातीपेक्षा ३५ टक्के घट आली तर उपचार लागू पडला असं मानतात, १२ किंवा त्याखाली आलं तर आजार शमला असं. सहा एक्स्पोजर होऊनही आकडा हलत नसेल तर क्रमाने शोधा. मनात लपलेली एखादी कृती चालू आहे का? हात धुतले नाहीत, पण 'संध्याकाळी धुवीन' असं मनाशी ठरवलं आहे का? घरचे गुपचूप मदत करताहेत का? नैराश्य इतकं आहे का की गृहपाठाला उठवतच नाही? पायऱ्या फार सोप्या आहेत का? शेवटचं कारण नवख्यांच्या बाबतीत सर्वात जास्त आढळतं. रुग्ण चार आठवडे २५ ते ३५ मध्ये घुटमळत असतो, दोघांनाही बरं वाटत असतं, आणि वरच्या पायऱ्यांचा विषय कोणी काढत नाही. सुपरव्हायझरने प्रत्येक केसची यादी टेबलावर ठेवून विचारावं: गेल्या आठवड्यात कितवी पायरी, या आठवड्यात कितवी?

शेवटच्या दोन सेशन्समध्ये रुग्ण स्वतःसाठी एक्स्पोजर आखतो आणि थेरपिस्ट गप्प बसतो. एका पानावर त्याने लिहावं: कोणत्या काळात त्रास वाढण्याची शक्यता आहे (परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण, गणपती, सुतक), पहिली खूण कोणती असेल, आणि त्या दिवशी काय करायचं. मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी भेट. सहाव्या महिन्याच्या भेटीला साबणाची वडी किती दिवस पुरते, हे पहिल्या मुलाखतीतल्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.